न लिहिलेला बर्फ

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या हातातल्या चहाच्या ग्लासाला आपल्या उजव्या हाताची मागची बाजू टेकवली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "चौसष्ट. दोन मिनिटं थांबा, जीभ भाजेल." मग शर्टाच्या खिशातून चष्म्याची जुनी डबी काढली. तिच्यात काचेचा थर्मामीटर होता. तो त्यांनी माझ्या चहात बुडवला. पारा त्रेसष्टवर थांबला. "म्हातारा झालो," असं म्हणून त्यांनी थर्मामीटर रुमालाने पुसला आणि ते निघून गेले. मी तो चहा प्यायलो नाही. थर्मामीटर आधी कशात बुडवलेला होता, हे मला माहीत नव्हतं.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, रंगांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात ही भेट झाली. ठाण्यात कोपरीला आमच्या वर्तमानपत्राचं जिल्हा कार्यालय होतं. ते बंद झाल्यावर मी या कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात कामगारांसाठी पुस्तिका आणि परिपत्रकं लिहायला लागलो होतो. ते त्याच विभागात शिकवत. एकतीस वर्षं डायझो विभागात काढून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर दर मार्चमध्ये एका वर्षाची मुदतवाढ मिळालेले. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

ते सगळ्याला हाताची मागची बाजू लावत. बाकाला, भिंतीला, नव्या संगणकाच्या पाठीला, शिंकत आलेल्या माणसाच्या कपाळाला. पर्सोनेल मॅनेजरला त्यांनी एकदा भर बैठकीत सांगितलं होतं, "साहेब, ताप आहे तुम्हाला. घरी जा. सगळेच सुटतील." तळहात का लावत नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तळहात राठ झालाय. त्याला काही कळत नाही. आणि गरम लागलं की तळहाताने माणूस धरून बसतो."

रोज चार वाजता ते गेटबाहेरच्या रसवाल्याकडे जात. रस बिनबर्फाचा पीत, पण बारदानाखालच्या बर्फाच्या लादीला हात लावल्याशिवाय परत येत नसत.

"कालची आहे ही."

"मास्तर, रस पिताय की लादी तपासताय?" रसवाला विचारी.

"बर्फ ही खायची वस्तू नाही रे," ते म्हणत.

डायझो विभागात, म्हणजे रंगाचं मूळ रसायन बनतं तिथे, बर्फ हे कामाचं साहित्य आहे. तिथल्या व्हेसलमधलं, म्हणजे मोठ्या टाकीतलं, मिश्रण पाच अंशांच्या खाली ठेवावं लागतं, आणि त्यासाठी बर्फ फोडून थेट त्यात टाकतात. पाचाच्या वर मिश्रण बिघडू लागतं, वायू सुटतो, फेस वर येतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर शेड रिकामी करायची असते. एका बॅचला किती बर्फ टाकायचा, तो आकडा बॅच शीटवर छापलेला असतो.

गेल्या वर्षी कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेची एक प्रणाली घेतली. ती व्हेसलचं तापमान पाहणार, जुन्या नोंदींशी ताडणार आणि ऑपरेटरला टॅबवर मराठीत किंवा हिंदीत सल्ला देणार. डायझोच्या बावीस ऑपरेटरांना सहा आठवडे प्रशिक्षण, शेवटी परीक्षा. पास होतील ते नव्या पॅनेलवर बसतील. नापास होतील त्यांचं काय, हे परिपत्रकात नव्हतं. परिपत्रक मी लिहिलं होतं. मी विचारूनही ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन दिवस शिकवायला ठाण्याहून एक गृहस्थ आले. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली. बावीस माना हलल्या. दुसऱ्या दिवशी "काही शंका?" असं त्यांनी विचारल्यावर मागच्या बाकावरून मास्तर उठले आणि म्हणाले, "मला काहीच कळलं नाही. यांनाही कळलेलं नाही, पण त्यांना नोकरी टिकवायची आहे." तिसऱ्या दिवसापासून शिकवायचं काम मास्तरांकडे आलं. हे बक्षीस होतं की शिक्षा, ते मला आजही सांगता येणार नाही.

ते एकसष्ट वर्षांचे होते. फोनवर ही नवी विद्या त्यांनी स्वतःच शिकून घेतली होती, आणि तिची पद्धतही स्वतःच ठरवली होती. "ज्यातलं आपल्याला सगळं कळतं, तेच आधी याला विचारायचं," ते वर्गात सांगत. "मी खडवलीचा. मी याला खडवली स्टेशनवरून आमच्या घराचा रस्ता विचारला. याने मला सरळ नदीत नेलं. आणि इतक्या नम्रपणे नेलं की मी जवळजवळ गेलोच होतो. आता मला याचा स्वभाव कळला. माहीत नाही म्हणायला याला लाज वाटते."

लाज मोडायची म्हणून त्यांनी हजेरीची रीत बदलली. नाव पुकारल्यावर 'हजर' म्हणायचं नाही. आपल्याला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची. एकदा सांगितलेली पुन्हा चालणार नाही. पहिल्या आठवड्यात कामगारांनी याची टिंगल केली. सागर नावाचा डिप्लोमावाला ऑपरेटर, बावीस जणांत वयाने सगळ्यात लहान, म्हणाला, "मास्तर, मला माझ्या बायकोचा मूड माहीत नाही."

"तो कुणालाच नसतो. दुसरं सांग."

"मग टेन्शनच आहे. बाकी सगळं माहितीय मला."

"गैरहजर," असं म्हणून मास्तरांनी खरोखर त्याची गैरहजेरी मांडली.

कारखान्यामागच्या गावातला बाळाराम मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. वीस वर्षं ऑपरेटर, शिक्षण नववी. "मला ह्यो टॅब चालू कसा करायचा म्हाईत नाय." दुसऱ्या दिवशी, "चालू झाला, पन बंद कसा करायचा?" जाड बोटाने काच दाबताना तो श्वास रोखून धरी. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "साहेब, शिकलो नाय तर भायेर. शिकलो तर ह्यालाच आपल्या जाग्यावर बसवायचा. मंग शिकू कशाला, सांगा." मास्तर बाजूला डबा खात होते. ते म्हणाले, "न शिकून तो परत जाणार आहे का? घरात आलाय. त्याच्याशी बोलता आलं पाहिजे."

प्रणालीला ते जावई म्हणत. "जावयाला विचारा." "जावईबापू काय म्हणतात?" दुसरा नियम असा, की जावयाला विचारण्याआधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, आणि कागद उलटा ठेवायचा. उत्तर चुकलं तरी चालेल, कोरा कागद चालणार नाही.

प्रशिक्षणाची पुस्तिका मी लिहिली होती. तिच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं: 'ही प्रणाली आपल्याच कारखान्यातल्या अठरा वर्षांच्या नोंदींवरून शिकली आहे, म्हणून ती आपल्या अनुभवाइतकीच भरवशाची आहे.' मास्तरांनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढून पुस्तिका मला परत दिली होती.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"नाही. वाक्य छान आहे."

वर्तमानपत्रात असतो तर मी तिथे थांबलो नसतो. एवढी वर्षं लोकांना दुसरा प्रश्न विचारण्याचाच पगार घेतला होता. इथे मी पुस्तिका छापायला दिली.

चौथ्या आठवड्यात सराव परीक्षा झाली. फळ्यावर प्रश्न होता: व्हेसलचं तापमान दहा मिनिटांत तीनवरून सहावर गेलं आहे, बॅच शीटवरचा बर्फ टाकून संपला आहे, काय कराल? बावीस कागद लिहून उलटे ठेवले गेले. मग सागरने टॅबला तोच प्रश्न विचारला. उत्तर मोठ्या आवाजात आलं. याआधी अशा परिस्थितीत बहुतेक वेळा तापमान वीस मिनिटांत आपोआप खाली आलं आहे. घाबरू नका. निरीक्षण चालू ठेवा.

"सही," सागर म्हणाला. "माझंही तेच आहे."

मास्तरांनी कागद उलटवले. एकवीस जणांनी थोड्याफार फरकाने तेच लिहिलं होतं: निरीक्षण करू, साहेबांना कळवू. बाळारामच्या कागदावर एक शब्द लिहून खोडलेला होता. मास्तरांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग वर्ग सोडून दिला. आठवड्यातून सहा दिवस चालणारा तो वर्ग त्याआधी कधी वेळेआधी सुटल्याचं मला आठवत नाही.

मी त्यांच्या मागोमाग रसवाल्यापर्यंत गेलो. त्यांनी बारदान बाजूला केलं आणि लादीवर हात ठेवला. या वेळी तळहात.

"काय खोडलं होतं त्याने?" मी विचारलं.

"बर्फ."

मग त्यांनी मला सांगितलं. तापमान चढलं की डायझोमध्ये कुणीही वाट पाहत नसे. दोघं जण बर्फाच्या खोलीकडे धावत, लादी आणत, मोगरीने फोडत आणि टाकत. तापमान खाली येई. पण जादा बर्फ म्हणजे जादा पाणी, माल पातळ झाला की वर खुलासा द्यावा लागे. म्हणून जादा लादी कुणी लिहीत नसे. बॅच शीटवर छापलेला आकडाच भरला जाई. नवीन ऑपरेटरला हे पहिल्या आठवड्यात शिकवत. तापमान मात्र यंत्र स्वतः टिपत होतं, तिथे लपवायची सोय नव्हती.

"म्हणजे जावयाला काय दिसलं?" ते म्हणाले. "तापमान चढलं. कुणी काही केलं नाही. तापमान उतरलं. अठरा वर्षं हेच. त्याची काय चूक? जावयाला घरातलं खरं सांगतं कोण?"

"इतके दिवस तुमच्या लक्षात आलं नाही?"

"तुमचं वाक्य वाचलं तेव्हाच आलं," ते म्हणाले. "वाटलं, इतकी शिकलेली माणसं आहेत, त्यांनी धरलं असेल हिशेबात."

ते पाळीप्रमुख होते तेव्हा हे त्यांच्यासमोर झालं होतं. बऱ्याचदा त्यांच्या हुकमाने झालं होतं. आता सांगायचं तर बावीस जणांनी वर्षानुवर्षं खोट्या शीटवर सह्या केल्या हे सांगावं लागणार, आणि तेही कुणाला ठेवायचं ते ठरत असताना. न सांगावं तर एक तारखेपासून प्रणाली चालू होणार. पॅनेलवर एखादा नवा मुलगा बसेल, तापमान चढेल, आणि टॅब त्याला सांगेल, घाबरू नका.

पुढचा रविवार मी खडवलीला गेलो. रस्ता फोनला नाही, स्टेशनवरच्या भाजीवालीला विचारला. ओसरीवर मास्तर भिंतीला टेकून लिहीत बसले होते. समोर खिशातल्या डायऱ्यांचा ढीग होता, पुरवठादार नव्या वर्षाला वाटतात तसल्या. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "आठ दिवस हेच चाललंय," त्या मला म्हणाल्या. "जेवायला हाक मारली तर एवढं पान होऊ दे म्हणतात. तुम्ही तरी सांगा हो."

एका डायरीत मी पाहिलं. बॅच नंबर, तापमान, लाद्या आणि दोन नावं. प्रत्येक नोंदीला दोन नावं. बारा वर्षं, त्यांच्या पाळीपुरता, सगळा जादा बर्फ तिथे लिहिलेला होता.

"हे कशासाठी लिहून ठेवलंत?"

"कुठेतरी खरं असावं म्हणून."

ते त्या नोंदी कोऱ्या कागदांवर उतरवत होते. नावांचा रकाना नव्हता. शेवटी प्रत्येक पानावर एकच सही होती, त्यांची.

"नावं?"

"बर्फ किती टाकला ते जावयाला कळलं म्हणजे झालं. कुणी टाकला याच्याशी त्याला काय करायचंय?"

मी त्यांना एक सल्ला दिला. तो इथे लिहायला हवा. मी म्हणालो, मार्चपर्यंत थांबा. मुदतवाढ होऊ द्या, मग सांगा. त्यांनी माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. "ताप नाही," ते म्हणाले. "मग असं का बोलता?"

शेवटच्या वर्गाला वर्क्स मॅनेजर आले, आणि प्रणाली बसवणाऱ्या कंपनीच्या श्रुती मॅडम. मॅडम सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, ठाण्याच्या. ऑपरेटरांशी बोलताना त्या त्यांना 'दादा' म्हणत. मास्तरांनी हजेरीपट उघडला.

"पहिलं नाव माझं," ते म्हणाले. "रोज आपण माहीत नाही ते सांगतो. आज मी माहीत असून लिहिलं नाही ते सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. तीन-चार मिनिटं लागली असतील. कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मास्तर," वर्क्स मॅनेजर सावकाश म्हणाले, "हा ट्रेनिंगचा विषय आहे का?"

"साहेब, हाच आहे."

श्रुती मॅडमनी वरची पानं चाळली. "हे किती वेळा व्हायचं?"

"माझ्या पाळीत एक दिवसाआड."

"म्हणजे तापमान आपोआप खाली आलं असं..."

"एकदाही नाही, ताई."

त्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला.

"बर्फ कोण टाकायचं?" वर्क्स मॅनेजरांनी विचारलं.

"मी."

"एकटे? अख्खी लादी एकट्याने उचलायचात?"

मास्तरांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मागच्या रांगेत बाक सरकलं आणि बाळाराम उभा राहिला.

"साहेब, माझी हजेरी राह्यली," तो म्हणाला. "लादीचं दुसरं टोक मी धरायचो."

त्यानंतर आणखी आठ जण उभे राहिले. तेरा बसून राहिले. त्यांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. मीही खुर्चीवरच होतो, पुस्तिका मांडीवर घेऊन.

प्रणाली एक तारखेला चालू झाली नाही. श्रुती मॅडमनी मास्तरांचे कागद नेले आणि दोन महिने त्या ते जुन्या नोंदींशी ताडत बसल्या. आपल्या कंपनीला त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण बदल झाला. आता तापमान चढलं की टॅब सांगतो, तपासा, बर्फ तयार ठेवा, आणि टाकलात तर लिहा. बॅच शीटवर 'जादा बर्फ (लाद्या)' असा नवा रकाना आला. पुस्तिकेतलं ते वाक्य मी काढलं. परीक्षा झाली, बाळाराम पास झाला, पॅनेलवर बसला. उभे राहिलेल्या नऊ जणांची चौकशी चालू आहे. तिचा निकाल आजही लागलेला नाही. मास्तरांना मार्चमध्ये मुदतवाढ मिळाली नाही. पत्रात कारण नव्हतं. ते पत्र मी लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

जाताना त्यांनी मला थर्मामीटरची डबी दिली आणि आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून पाहिला.

प्रणाली चालू झाल्यापासून त्यांचा फोन रोज सहा वाजता येऊ लागला.

"रकाना?"

"रिकामा."

"सगळ्या पाळ्यांचा?"

"सगळ्या."

"बरं," असं म्हणून ते ठेवत. पहिला आठवडा असा गेला. एकाही बॅचला जादा बर्फ लागला नाही, असं कागद सांगत होता. श्रुती मॅडमनी मला फोन करून विचारलं, खरंच लागत नाहीये का? टॅब पुन्हा तेच शिकायला लागला होता.

आठव्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो. लेखनिकाला तिथे काम नसतं. बर्फाच्या खोलीपासून तीन नंबरच्या व्हेसलपर्यंत जमीन ओली होती, ओढत नेलेल्या लादीचा पट्टा दिसत होता. मोगरी अजून ठिबकत होती. मी व्हेसलमधून नमुना काढायच्या नळीला हाताची मागची बाजू लावली. मला काही आकडा कळला नाही. गार होती, इतकंच.

पॅनेलवर बाळाराम होता. पुढ्यात बॅच शीट. रकाना कोरा.

"जमीन ओली आहे," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे वर्क्स मॅनेजरांच्या केबिनकडे. "माझी चौकशी चालू हाय, साहेब. लिवलं तर इचारतील."

"विचारतील."

"आनि नाय लिवलं तर?"

मी माझं पेन त्याच्यापुढे धरलं. टॅबवर तापमान चारवर होतं. त्याने पेन घेतलं, थोडा वेळ रकान्यावर तसंच धरून ठेवलं आणि लिहिलं, १.

पेन परत देण्यासाठी त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला. एकावर काट मारली, बाजूला सही केली, आणि लिहिलं, २.